आंतरराष्ट्रीय अभ्यासात पीएच.डी. करताना मार्गदर्शक कसा निवडावा

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमध्ये संशोधन करू इच्छिणारे अनेक मराठी विद्यार्थी पीएच.डी. प्रवेशासाठी चालणाऱ्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी मन लावून करतात. परंतु आपला प्रबंध कोणाच्या मार्गदर्शनाखाली लिहायचा, हा प्रश्न मात्र मुलाखतीची तारीख लागल्यावर त्यांच्यापुढे उभा राहतो. माझ्या मते हा विचार परीक्षेच्या आधी सुरू झाला पाहिजे, कारण विषय, साधने, भाषा आणि प्रबंधाला लागणारा काळ या चारही गोष्टी मार्गदर्शकाच्या निवडीशी बांधलेल्या असतात.

प्रथम या संस्थेची घडण समजून घ्यावी. १९५५ साली सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज या नावाने सुरू झालेली ही संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तिच्यातील केंद्रे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. काही केंद्रे एखाद्या भूप्रदेशाचा अभ्यास करतात, जसे दक्षिण आशिया, पूर्व आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका, युरोप, रशिया व मध्य आशिया. तर काही केंद्रे एखाद्या विद्याशाखेला धरून चालतात, जसे आंतरराष्ट्रीय राजकारण, संघटना व निःशस्त्रीकरण, आंतरराष्ट्रीय कायदा, किंवा आंतरराष्ट्रीय व्यापार व विकास. पहिल्या प्रकारच्या केंद्रात प्रदेशाची भाषा आणि इतिहास यांना वजन असते, दुसऱ्या प्रकारच्या केंद्रात सिद्धांत आणि पद्धती यांना. अर्ज भरताना केंद्र निवडणे म्हणजे केवळ एका रकान्यात खूण करणे नव्हे.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला गोवा मुक्तीच्या आंतरराष्ट्रीय बाजूवर काम करायचे आहे. चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले दादरा व नगर हवेली हे भाग १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या हातून गेल्यावर, तिथवर जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालला भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क होता, सशस्त्र दलांना आणि सशस्त्र पोलिसांना तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नव्हता. कायद्याचे अभ्यासक या खटल्याकडे प्रथा आणि सार्वभौमत्व यांच्या अंगाने पाहतील. त्यांच्याकडे गेलात तर दोन्ही पक्षांची लेखी निवेदने आणि युक्तिवाद हेच मुख्य साधन ठरेल, आणि ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर सहज मिळते. संयुक्त राष्ट्रांचा अभ्यास करणारे प्राध्यापक तुम्हाला, भारतीय सैन्य गोव्यात शिरल्यावर १८ डिसेंबर १९६१ रोजी झालेल्या सुरक्षा परिषदेच्या बैठकीकडे वळवतील, जिथे युद्धबंदी व माघारीची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने ७ आणि विरोधात ४ मते पडली आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो ठराव बारगळला. युरोपीय अभ्यास केंद्रातील मार्गदर्शक कदाचित पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचे अंतर्गत राजकारण विचारतील. मग लिस्बनमधील तोर्रे दो तोंबो अभिलेखागाराशिवाय आणि पोर्तुगीज भाषेशिवाय पुढे जाता येणार नाही. विषयाचे शीर्षक एकच राहिले तरी हे तीन वेगवेगळे प्रबंध आहेत, आणि त्यांपैकी कोणता आपल्या आवाक्यातला आहे हे आधी ओळखले पाहिजे. गोव्यातील ज्या विद्यार्थ्याला पोर्तुगीज येते आणि पणजीच्या पुराभिलेखागारात जाता येते, त्याने ही जमेची बाजू वाया घालवू नये. दिल्लीत ती फार थोड्यांकडे असते.

प्राध्यापकांचे संशोधन जोखण्यासाठी त्यांच्या लेखांच्या यादीवर विसंबू नये. यादी लांब असते, आणि तीत वृत्तपत्रीय टिपणे, परिषदेतील भाषणे आणि खरे संशोधन एकत्र मिसळलेले असते. त्याऐवजी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मार्गदर्शकाचे नाव घालून त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढावेत आणि त्यांतील दोन-तीन प्रस्तावना व संदर्भसूची लक्षपूर्वक वाचाव्यात. सर्व प्रबंध एकाच साच्याचे आहेत का, मूळ कागदपत्रे वापरली आहेत की दुय्यम पुस्तकांवर भागवले आहे, आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न कुठे दिसतो का, हे तिथे कळते. दूरचित्रवाणीवर रोज दिसणारा चेहरा चांगला मार्गदर्शक असेलही, पण त्याचा पुरावा दूरचित्रवाणीवर मिळत नाही.

अध्यापनाचा अंदाज अभ्यासक्रमाच्या रूपरेषेवरून येतो. पर्यायी विषयाची वाचनयादी पाहावी: गेल्या काही वर्षांतील लेखन तिच्यात आहे का, भारताबाहेरील आणि इंग्रजीपलीकडील अभ्यासकांना जागा आहे का, मूळ दस्तऐवज वाचायला लावले जातात का. याच विद्यापीठात एम.ए. करणाऱ्यांना तर त्या प्राध्यापकांच्या वर्गात बसून टर्म पेपर लिहिता येतो, आणि पेपरवर त्यांनी केलेल्या शेऱ्यांइतकी विश्वासार्ह माहिती दुसरी नाही. इतरांनी सध्याच्या संशोधक विद्यार्थ्यांशी बोलावे. ‘सर कसे आहेत?’ असे न विचारता, प्रकरणाचा मसुदा दिल्यावर तो किती दिवसांनी आणि कशा शेऱ्यांसह परत येतो, हे विचारावे.

यानंतर नियमांकडे वळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे ज्यांचे नाव मनात धरून तुम्ही वर्षभर वाचन केले, त्यांच्याकडे जागाच नसणे शक्य आहे, आणि म्हणून दुसरे व तिसरे नाव तयार असावे. पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. प्रवेशासाठी नेटचे गुण वापरणाऱ्या, पण कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) न मिळालेल्या उमेदवारांच्या बाबतीत गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. अधिछात्रवृत्ती मिळालेल्यांना मुलाखतीच्या आधारे प्रवेश मिळतो, म्हणजे त्यांच्यासाठी संशोधन आराखड्याचे महत्त्व अधिकच वाढते.

संभाव्य मार्गदर्शकांना पत्र लिहायचे असेल तर ते थोडक्यात लिहावे. ‘मला भारत-चीन संबंधांत रस आहे’ या वाक्याला काय उत्तर द्यावे, हे कोणत्याही प्राध्यापकाला कळत नाही. आपला प्रश्न एका वाक्यात, कोणती साधने पाहिली आणि कोणती पाहायची आहेत ते तीन-चार वाक्यांत, आणि त्यांच्या एखाद्या लेखातील कोणत्या मुद्द्याशी आपले काम जुळते किंवा मतभेद आहे, ते एका वाक्यात लिहावे. सर्वच प्राध्यापक प्रवेशापूर्वी उत्तर देत नाहीत, आणि उत्तर न येणे म्हणजे नकार समजू नये. मुलाखतीत मात्र ज्यांचे नाव घ्याल त्यांच्या लेखनावरच प्रश्न येण्याची शक्यता गृहीत धरावी, आणि ते लेखन वाचले नसेल तर नाव घेऊ नये.