पितृपक्षातील तांदळाची खीर : प्रमाण, कृती आणि घ्यावयाची काळजी

भाद्रपदाच्या वद्य पक्षात श्राद्धाच्या स्वयंपाकात वडे, आमसुलाची चटणी, गवार-भोपळ्याची भाजी आणि कढी यांच्या जोडीला तांदळाची खीर असतेच. पदार्थ साधा असल्यामुळे तो सहज जमेल असे वाटते. प्रत्यक्षात मात्र खीर एक तर पाण्यासारखी पातळ राहते, नाही तर वाढेपर्यंत तिचा गोड भात होतो. खिरीचा दाटपणा केवळ दूध आटवून येत नाही. तो तांदळातून हळूहळू सुटणाऱ्या पिठुळपणाने येतो. म्हणून तांदूळ कमी घ्यावा आणि त्याला वेळ मात्र भरपूर द्यावा.

साहित्य (५ ते ६ जणांसाठी) : १ लिटर सायीचे दूध, पाव वाटी (४५ ते ५० ग्रॅम) तांदूळ, सपाट अर्धी वाटी साखर, १ मोठा चमचा साजूक तूप, ४-५ वेलच्या किंवा थोडे जायफळ, १ चमचा चारोळी, आवडीप्रमाणे बेदाणे आणि केशराच्या काही काड्या. पाव वाटी तांदूळ पाहून हात आणखी मूठभर टाकण्यासाठी शिवशिवतो, पण तो मोह टाळावा. पातेल्यात इतका कमी दिसणारा तांदूळ शिजल्यावर फुलतो आणि खीर निवताना दूध शोषत राहतो.

तांदळाची निवड

आंबेमोहोर मिळाला तर दुसरा शोधू नये. आंब्याच्या मोहोरासारख्या वासावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे, आणि त्याचा आखूड दाणा शिजल्यावर चिकट, मऊ होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा भागातला घनसाळ हा सुवासिक तांदूळही खिरीला उत्तम. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे दोन्ही नसतील तर इंद्रायणी वापरावा. बासमतीचा दाणा मोकळा राहतो, हा पुलावातला गुण खिरीत मात्र दोष ठरतो, कारण दूध एकीकडे आणि शिते दुसरीकडे अशी तिची गत होते. एरवी भात गिचका होतो म्हणून नकोसा वाटणारा नवा तांदूळ येथे आवर्जून घ्यावा.

कणी काढणे आणि परतणे

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन, निथळून, सुती कापडावर अर्धा तास पसरून ठेवावा. पूर्ण कडक वाळण्याची गरज नाही. हाताला ओल लागेनाशी झाली की पुरे. मग खलबत्त्यात कुटून किंवा मिक्सर एक-दोनदाच क्षणभर फिरवून एका दाण्याचे दोन-तीन तुकडे होतील अशी जाडसर कणी काढावी. फार बारीक झाल्यास पीठ होते आणि खिरीऐवजी लापशी तयार होते.

जाड बुडाच्या पातेल्यात तूप गरम करून त्यात कणी मंद आचेवर ३ ते ४ मिनिटे परतावी. आधी किंचित पारदर्शक दिसणारी कणी पांढरीशुभ्र होऊन उलथण्याखाली हलकी लागू लागते आणि घरभर खमंग वास सुटतो. याच वेळी थांबावे. रंग तांबूस होऊ देऊ नये, कारण भाजका वास दुधाच्या नाजूक चवीवर चढतो.

कणी शिजवणे

आता परतलेल्या कणीत एक वाटी गरम पाणी बेताने ओतावे (ते चरचरून अंगावर उडते, म्हणून आच बारीक ठेवून हात लांब ठेवावा) आणि झाकण ठेवून ५-६ मिनिटे शिजू द्यावे. कणी थेट दुधात घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु पाण्यात कणी लवकर मऊ पडते, गुठळ्या होत नाहीत आणि दूध तळाला लागण्याचा धोकाही कमी होतो, असा माझा अनुभव आहे. दुसरीकडे दूध तापवून, मंद आचेवर ते पाऊण लिटरच्या आसपास येईपर्यंत आटवावे. बाजूला जमणारी साय डावाने खरवडून दुधातच मिसळत राहावी. खिरीचा खरा स्वाद तिच्यात असतो.

आटलेले दूध कणीत एकेक डाव घालून ढवळावे. सगळे दूध गेल्यावर मंद आचेवर १५ ते २० मिनिटे खीर शिजवावी आणि दर मिनिटाला उलथणे तळावरून फिरवावे. दूध तळाला लागलेच तर खरवडू नये. ताबडतोब वरची खीर दुसऱ्या पातेल्यात काढावी. तळ हलला की करपट वास सगळीकडे पसरतो आणि मग तो कोणत्याही वेलचीने झाकला जात नाही.

साखर केव्हा घालावी

कणी अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून पाहावी. तिचा लोण्यासारखा लगदा झाला आणि मध्ये कच्चा कण लागला नाही, तरच साखर घालावी. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती आधी पडली तर कणी पुढे कितीही उकळली तरी नीट मऊ होत नाही. साखर घातल्यावर खीर पातळ होते; त्याने घाबरून न जाता आणखी ५ मिनिटे उकळू द्यावे. गॅस बंद करताना खीर कढीइतकी सैल असावी, कारण निवल्यावर ती बरीच दाटते. वाढण्याच्या वेळी घट्ट वाटल्यास गरम दूध घालून सारखी करावी.

वेलची किंवा जायफळ गॅस बंद केल्यावर घालावे, आणि दोन्हींपैकी एकच. एकत्र घातल्यास आंबेमोहोराचा वास मागे पडतो. केशर घालायचे असल्यास ते दोन चमचे कोमट दुधात भिजवून घालावे. चारोळी टाकण्यापूर्वी दोन दाणे चावून पाहावेत. ती लवकर खवट होते, आणि खवट चारोळीने सगळी खीर वाया जाते.

गूळ घालायचा असेल तर

गुळाची खीर फार सुरेख लागते, पण उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची भीती असते, कारण गुळात आंबटपणा असतो आणि उष्णतेने त्याचा परिणाम अधिक वाढतो. एकदा श्राद्धाच्या सकाळी घाईत माझ्या हातून हे घडले. पाहता पाहता पातेल्यात चोथा आणि पाणी वेगळे झाले आणि पाने वाढण्याची वेळ आलेली असताना दूध आणायला धावावे लागले. तेव्हापासून मी १०० ग्रॅम चिरलेला गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करते. खीर कोमट झाल्यावर तो पाक मिसळते आणि मग ती पुन्हा आचेवर ठेवत नाही.

कोकणात हीच खीर नारळाच्या दुधात करतात. कणी पातळ दुधात शिजवावी, गूळ त्यातच विरघळू द्यावा आणि पहिले दाट दूध शेवटी घालून लगेच आच बंद करावी. दाट दूध उकळले तर त्यातले तेल सुटते आणि खीर फुटल्यासारखी दिसते.

उरलेली खीर दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी. दुधातली साखरेची खीर पुन्हा गरम करताना आधी थोडे दूध घालावे, मगच मंद आचेवर ठेवून तळावरून ढवळत राहावे.