राजगड–तोरणा–रायगड: निघतानाच होणाऱ्या या चुका टाळा

राजगडावरून तोरणा आणि तेथून मोहरी गावामार्गे रायगड ही डोंगरयात्रा साधारण चार दिवसांची आहे. ती अर्ध्यावर सोडावी लागली, तर दोष सहसा तिसऱ्या दिवसाच्या लांब चालीला किंवा नाळेच्या, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या अरुंद, उभ्या घळीच्या, उताराला दिला जातो. माझा अनुभव मात्र असा की तिसऱ्या दिवशी जे बिनसते, त्याचे मूळ बहुतेक वेळा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा चालीच्या पहिल्या दोन तासांत असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भिडूंची पहिली ओळख थेट पायथ्याच्या गावात होणे. एकाच्या ओळखीने दुसरा येतो, दुसऱ्याच्या ओळखीने तिसरा येतो, आणि कोण कशासाठी आला आहे हे कोणी विचारत नाही. राजगडच्या तिन्ही माच्या (डोंगरसोंडांवरचे तटबंदीचे भाग) आणि बालेकिल्ला नीट पाहायचा म्हटले तर अख्खा दिवस पुरत नाही. ज्याला तो पाहायचा आहे आणि ज्याला केवळ चार दिवसांत रायगड गाठायचा आहे, अशा दोघांचे पद्मावती माचीवरच खटके उडू लागतात. म्हणून महिनाभर आधी कात्रज ते सिंहगडसारखी एक चाल सर्वांनी मिळून करावी. तीत कोणाचा वेग किती आहे हे तर कळतेच, पण दमल्यावर कोण बोलून दाखवतो आणि कोण लपवतो, हे त्याहून महत्त्वाचे कळते.

दुसरी चूक ओझ्याची. एका यात्रेत आम्ही सहा जणांनी पायथ्याच्या एका अंगणात सॅक रिकाम्या केल्या, तेव्हा तीन स्टोव्ह, चार किलो तांदूळ आणि चहाची पाच पाकिटे निघाली. काडेपेटी मात्र एकच होती आणि तीही पाण्याच्या गळक्या बाटलीशेजारी ओली झालेली. शिधा आणि भांडी आदल्या दिवशी एका घरी एकत्र मांडून, वजन करून वाटून घ्यावीत. पाण्यासह सॅक दहा-अकरा किलोंच्या वर जात असेल, तर काय कमी करायचे ते घरीच ठरवावे. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवाव्यात आणि कमरेचा पट्टा आवळून बांधावा, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर येतो. ओझे जास्तच असेल, तर पायथ्याच्या गुंजवणे गावाहून राजगडाच्या चोर दरवाजाच्या उभ्या वाटेने चढण्यापेक्षा पाली दरवाजाची पायऱ्यांची, रुंद वाट धरावी.

अंतर पडू देणे ही तिसरी चूक. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाताना ढोरवाटा फुटतात आणि पुढचे दोघे दिसेनासे झाले की मागचा हमखास चुकतो. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबावे आणि सर्वांत शेवटी वाट माहीत असलेला भिडू असावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. नजरेतून सुटते ते असे, की पुढचे दहा मिनिटे विसावतात, मागचा धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचताच सगळे उठून निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच ती दिवसभर मिळत नाही. मागच्याने सॅक उतरवून पाणी प्यावे, श्वास जाग्यावर आणावा, आणि निघायचे कधी हे त्यानेच सांगावे.

नवे बूट घालून येऊ नये, हे सांगून झाले तरी कोणीतरी घालून येतोच. टाच हुळहुळू लागताच त्याने थांबून चिकटपट्टी लावावी. सगळे खोळंबतील या संकोचाने तासभर तसेच चालले, की फोड फुटतो आणि पुढचे तीन दिवस सगळ्यांनाच त्याच्या पावलाने चालावे लागते. पायाची नखेही निघण्यापूर्वी कापलेली असावीत, कारण लांब उतारावर ती बुटाच्या टोकावर सतत आदळत राहतात.

टाक्यांतील पाण्याची आणि गडावरील मुक्कामाच्या नियमांची चौकशी पायथ्याच्या गावात करावी; दोन्ही बदलत असतात.

परतीचा निर्णय कोठे घ्यायचा हे न ठरवता निघणे, ही चूक मला सर्वाधिक काळजीची वाटते. तोरण्यावरून पायथ्याच्या वेल्हे गावात उतरून पुण्याला परतणे सोपे आहे, पण मोहरी ओलांडून एकदा कोकणाकडे नाळ उतरू लागल्यावर दुखऱ्या गुडघ्याने मागे फिरणे फार कठीण होते. बोराट्याची नाळ मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली आहे. सॅक जड असतील किंवा कोणी कच्चा असेल, तर मोहरीजवळच्या सिंगापूर गावाची नाळ निवडावी. म्हणून तोरण्यावरच्या मुक्कामी, जेवणापूर्वी, प्रत्येकाला बूट काढायला लावून पाय पाहावेत आणि गुडघ्याबद्दल नाव घेऊन एकेकाला विचारावे. सर्वांना मिळून विचारले, तर ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर येते. कोणी थांबायचे म्हणाला, तर त्याच्यासोबत वेल्ह्यापर्यंत कोण उतरणार हे घरून निघतानाच ठरलेले असावे, म्हणजे त्या रात्री कोणाला कोणाची मनधरणी करावी लागत नाही आणि दुखणाऱ्यालाही खरे सांगणे सोपे जाते.