कर्करोग निदानाची तारीख : नोंदी जुळवताना या चुका टाळा

एकाच रुग्णाच्या कर्करोग निदानाची तारीख रुग्णालयाच्या फाईलमध्ये एक, कर्करोग नोंदणीत (एखाद्या भागातल्या सर्व कर्करोग रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत) दुसरी आणि विम्याच्या दाव्यात तिसरीच दिसली, की त्यांतली एक बरोबर आणि बाकीच्या चुकीच्या असे धरून लगेच दुरुस्ती करायला घेणे, ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बहुतेक वेळा तिन्ही तारखा खऱ्याच असतात. त्या वेगवेगळ्या घटनांच्या असतात, इतकेच.

स्तनाच्या कर्करोगाची एक नमुना फाईल घेऊ. १२ मार्चला गाठीतून सुईने पेशी काढल्या, म्हणजे एफएनएसी झाली. १८ मार्चला बायोप्सी झाली आणि २२ मार्चला तिचा रिपोर्ट आला. ६ एप्रिलला मोठ्या रुग्णालयात केसपेपर निघाला आणि ११ एप्रिलला तिथल्या पॅथॉलॉजी विभागाने जुन्या स्लाइड पुन्हा तपासून निदानावर शिक्कामोर्तब केले. त्या रुग्णालयाच्या संगणकात ११ एप्रिल ही तारीख उतरली, तर तिथल्या कर्मचाऱ्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. मात्र युरोपातील कर्करोग नोंदण्यांच्या जाळ्याने घालून दिलेल्या क्रमात पेशींच्या किंवा ऊतीच्या तपासणीतून झालेल्या पहिल्या खात्रीला अग्रक्रम आहे. त्यातही आधी नमुना घेतल्याची तारीख पाहायची, ती नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि तीही नसेल तर रिपोर्टची. म्हणून एफएनएसीच्या रिपोर्टमध्ये कर्करोग असल्याचे स्पष्ट लिहिले असेल तर १२ मार्च धरायची, आणि केवळ संशय व्यक्त केला असेल तर १८ मार्च. हे ठरवण्यासाठी रिपोर्टचा मजकूर वाचावाच लागतो. वरची तारीख टिपून भागत नाही. अमेरिकेतील सीअर नोंदणीत डॉक्टरांनी तपासणीवरून आधी केलेले निदानही ग्राह्य धरतात, त्यामुळे तिथल्या आकडेवारीशी तुलना करताना काही दिवसांचा फरक नियमातूनच येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत जाऊन नोंदी गोळा करतात. गावाकडचा रुग्ण तपासणी एका ठिकाणी, शस्त्रक्रिया दुसरीकडे आणि किरणोपचार तिसरीकडे घेतो, तेव्हा एका माणसाच्या चार-पाच तारखा हाती येणारच. त्या सगळ्या स्रोतासह आणि घटनेच्या नावासह जपून ठेवाव्यात, आणि नियमानुसार निवडलेली तारीख वेगळ्या रकान्यात लिहावी. जुनी तारीख खोडून तिच्या जागी नवी लिहिली, की पडताळणीचा मार्गच बंद होतो.

विम्याच्या दाव्यांत कर्करोगाचा कोड पहिल्यांदा ज्या दिवशी दिसतो, त्या दिवसाला निदानाची तारीख समजू नये. कधी नुसत्या संशयावरून सांगितलेल्या स्कॅनलाही तो कोड लावलेला असतो. उलट, २०१६ मध्ये उपचार घेतलेली रुग्ण २०२१ मध्ये हाडांत पसरलेला आजार घेऊन आली आणि दाव्यांची माहिती २०१८ पासूनचीच असली, तर जुना आजार नवा म्हणून मोजला जातो.

एक्सेलने केलेली गफलत मात्र खरोखरच चूक असते, आणि ती फार उशिरा लक्षात येते. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ०३/०४/२०२१ ही ३ एप्रिलची नोंद मुकाट्याने ४ मार्च होते. १८/०३/२०२१ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही आणि मजकूर म्हणून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटून राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर पुढचे काम तिथेच थांबवून मूळ कागद काढावेत.

दिवस माहीत नसताना १५ तारीख भरण्याची पद्धत चालेल, पण ती अंदाजे असल्याची खूण शेजारी हवी. केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून झालेल्या नोंदीत मृत्यूची तारीखच निदानाची मानतात. अशा नोंदी जीवितकालाच्या, म्हणजे निदानानंतर रुग्ण किती काळ जगला याच्या, हिशेबातून वगळाव्या लागतात, कारण तिथे जगलेला काळ शून्य येतो.

यानंतर जन्म, निदान, उपचारांची सुरुवात आणि मृत्यू हा क्रम कुठे उलटला आहे का ते तपासावे. दोन स्रोतांतला फरक बरोबर ३६५ किंवा ३६६ दिवसांचा निघाला, तर जानेवारीत हाताच्या सवयीने जुने वर्ष लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी असते. अशा फाईली आधी उघडाव्यात. विशेषतः विमा अलीकडेच घेतलेला असेल तेव्हा, कारण गंभीर आजारांच्या अनेक पॉलिसींत सुरुवातीचे ९० दिवस संरक्षण नसते आणि एका चुकीच्या आकड्यामुळे आजारी माणसाचा दावा नाकारला जाऊ शकतो.