झेडपीतून खासगी शाळेत जाण्याआधी

दाखल्याचं आधी सांगते, कारण बाकी सगळं मी केलं होतं आणि नेमकं तेच चुकलं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथंच, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभं राहून तो अक्षर न् अक्षर वाचा. मोठ्या लेकीला दुसरीनंतर गावातल्या झेडपी शाळेतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि एसटी गाठली. जन्मतारीख अंकात ७ ऑगस्ट होती, अक्षरी 'सतरा ऑगस्ट'. जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. नव्या शाळेनं ते जसंच्या तसं आपल्या रजिस्टरला उतरवून घेतलं. यंदा धाकट्याची पाळी आहे, म्हणून बसून सगळं लिहून काढतेय.

मुलाला का काढताय, हे घरात एकदा नीट बोलून घ्या. 'शेजारच्यांचा पिवळ्या बसनं जातो' हे कारण नव्हे. आमच्याकडे चार वर्गांना दोन शिक्षक होते, हे कारण होतं. ठरलं की वर्गाच्या बाईंना तुम्ही स्वतः सांगा, गावातून त्यांच्या कानावर जायच्या आत. एक मूल गेलं की पट घटतो आणि पटावर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे त्या थांबा म्हणणारच. त्याचा राग धरू नका. बसून ऐका, कारण तुमचं मूल त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं. आमच्या बाई म्हणाल्या होत्या, 'हातच्याची बेरीज पटापट करते, पण शाब्दिक उदाहरणात अडते, तेवढं बघा.' मी मान डोलावली आणि विसरले. नव्या शाळेत पहिल्या चाचणीत तिनं सहापैकी चार गणितं कोरी सोडली. बेरीज येत होती, पण 'एकूण किती' हे इंग्रजीत विचारलंय हेच तिला कळत नव्हतं. धाकट्याला मी आत्तापासून रोज दोन उदाहरणं दोन्ही भाषांत वाचून दाखवते.

खासगी म्हणजे सगळ्या शाळा एकाच माळेच्या नाहीत. अनुदानित शाळेत जात असाल तर शिक्षण हक्क कायद्यानं बदलीचा हक्क आहे, दाखला उशिरा मिळाला म्हणून ती प्रवेश अडवू शकत नाही. विनाअनुदानित शाळेला हे कलम लागू नाही. ती 'दाखला आणा, मग बघू' म्हणाली तर तुम्ही अडकलात. दुर्बल आणि वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा फक्त सुरुवातीच्या वर्गाला असतात. तिसरीत जाणाऱ्यानं त्या आशेवर राहू नये. मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवणं आणि डोनेशन मागणं, दोन्हीला कायद्यानं बंदी आहे. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे तिचा सरकारी ओळख क्रमांक, मागा. तो अकरा अंकी असतो आणि महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. नुसत्या रंगीत फलकावर जाऊ नका, मान्यतेचं पत्र डोळ्यांनी बघा. सेमी-इंग्रजीचाही विचार करा. कित्येक लेकरांना तेवढं पुरतं, आणि काही झेडपी शाळांतच ते आहे.

गावातून शहरात जाणार असाल तर आणखी एक. पुढं नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, विचार असेल, तर तिथल्या ग्रामीण जागांसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. हे आम्हाला पाचवीत कळलं असतं तर काय उपयोग होता?

वेळ सांभाळा. आपल्या शाळेचा निकाल महाराष्ट्र दिनाच्या सुमारास लागतो, पण सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. जूनमध्ये गेलेलं मूल पहिल्याच दिवशी मागं पडलेलं असतं. राज्य मंडळाच्या शाळेत ही अडचण नाही.

पैशांत फक्त फी धरू नका. झेडपीत पुस्तकं, गणवेश आणि दुपारची खिचडी मिळत होती. आता ते सगळं घरातून, वर बसचं भाडं. फीचा मंजूर तक्ता लेखी घ्या.

आता पुन्हा दाखला. तो प्रवेश-निर्गम रजिस्टरवरून उतरवतात, म्हणून चूक मुळात तिथंच असते. मूल पटावर असतानाच, अर्ज द्यायच्या पंधरा दिवस आधी, शाळेत जाऊन ती ओळ बघायला मागा. जन्माचा दाखला आणि आधार शेजारी ठेवून ताडून बघा: मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात-पोटजात. पटावर नाव आहे तोवर दुरुस्ती शाळेमार्फत सोपी पडते. नाव कमी झालं की प्रस्ताव, आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे. मी सात खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला एका दिवसाची रजा. पुढं जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शाळेचीच नोंद काढून बघतात, तेव्हा 'बघू नंतर' म्हणू नका. मुख्याध्यापक घाईत असतील, बाहेर चार पालक उभे असतील, तरी वाचा. शाई ओली असेल तर वाळू द्या, मग वाचा. रजिस्टर आधी, दाखला नंतर, वाचणं दोन्ही वेळेला.

दाखल्यासोबत मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, लिहून घ्या. जुन्या शाळेनं सरकारी ऑनलाइन नोंदीतून नाव सोडलं का, हे आठवड्यानं फोन करून विचारा. नाही तर नवी शाळा त्याला खेचून घेऊ शकत नाही आणि तो दोन्हीकडे लटकतो.

उरलेलं थोडक्यात. प्रगतिपुस्तक, फोटो, झेरॉक्सचे तीन संच. बसमध्ये बाई मदतनीस आहे का बघा. डबा स्वतः उघडता यायला हवा. शेवटच्या दिवशी त्याला जुन्या वर्गात बसू द्या, लेकीला मी अर्ध्या सुट्टीतच उठवून आणलं होतं आणि ती अजून ते काढते.

धाकट्याच्या रजिस्टरची ओळ परवा बघून आले. आडनावात वेलांटी चुकलेली होती, ती दुरुस्त करून घेतली. दाखला सोमवारी मिळेल. आधार, जन्माचा दाखला आणि वाचायचा चष्मा आत्ताच पर्समध्ये टाकलाय.