अकरावीतच महाविद्यालय: वॉशिंग्टन राज्यातील 'रनिंग स्टार्ट'

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या भागातील मराठी घरांत मूल नववी-दहावीत गेले की 'रनिंग स्टार्ट'चा विषय निघतोच. वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने १९९० मध्ये सुरू केलेल्या या योजनेत अकरावी-बारावीचे विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी महाविद्यालयात) प्रत्यक्ष पदवीचे विषय शिकू शकतात. त्यांची शिकवणी फी राज्य भरते, आणि मिळालेले क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक) शाळा व महाविद्यालय अशा दोन्हीकडे जमा होते. पुस्तके, प्रयोगशाळा व इतर शुल्के आणि जाण्यायेण्याचा खर्च मात्र घरून करावा लागतो. उत्पन्न कमी असल्यास त्यातही सवलत मिळू शकते.

चार वर्षांच्या पदवीला साधारण १८० क्वार्टर क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला ४५. क्वार्टर म्हणजे दहा-अकरा आठवड्यांचे सत्र. शालेय वर्षातील तीन क्वार्टरमध्ये प्रत्येकी १५ क्रेडिट घेतल्यास विद्यापीठाचे एक वर्ष कागदोपत्री पूर्ण होते. कागदोपत्री हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीसारख्या शाखांत विषयांची साखळी ठरलेली असते आणि हाताशी क्रेडिट भरपूर असूनही एकामागून एक येणारे विषय त्या क्रमानेच पूर्ण करावे लागतात.

तयारी दहावीच्या हिवाळ्यात सुरू करावी. प्रथम शाळेतील काउन्सेलरची भेट घेऊन शाळेच्या दाखल्यासाठी कोणते विषय बाकी आहेत, याची लेखी यादी मागून घ्यावी. त्यानंतर बेलव्ह्यू कॉलेज किंवा बॉथेलचे कॅस्केडिया यांसारख्या जवळच्या महाविद्यालयाकडे अर्ज करून इंग्रजी व गणिताची पातळी निश्चित करून घ्यावी. ही पातळी शाळेतील गुणांवरून किंवा प्लेसमेंट चाचणीवरून ठरते. खरी गल्लत होते ती नावनोंदणीच्या पडताळणी फॉर्मवर. राज्य किती क्रेडिटचे पैसे भरणार, हे त्यावर ठरते. तो दर क्वार्टरला नव्याने भरावा लागतो, आणि त्यावर विद्यार्थी, काउन्सेलर व विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास पालक यांच्या सह्या लागतात. शाळेतील तासिका आणि महाविद्यालयाचे क्रेडिट यांची एकत्रित मर्यादा ओलांडली, तर वरच्या क्रेडिटची फी कुटुंबावर पडते. काउन्सेलर जूनच्या अखेरीस सुट्टीवर जातात, त्यामुळे शरद ऋतूच्या क्वार्टरचा फॉर्म शाळा सुटण्यापूर्वीच हातात असलेला बरा.

महाविद्यालयातील पाच क्रेडिटचा एक विषय शाळेच्या एका पूर्ण क्रेडिटएवढा, म्हणजे वर्षभराच्या विषयाएवढा धरला जातो. जे शाळेत सप्टेंबर ते जून शिकवतात, ते येथे दहा-अकरा आठवड्यांत उरकते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली चाचणी होते आणि तोवर मागे पडलेल्याला सावरायला फारसा अवधी उरत नाही. म्हणून पहिल्या क्वार्टरला दोनच विषय घ्यावेत, त्यांपैकी एक मुलाच्या हातखंड्याचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि महाविद्यालय त्या महिन्याच्या उत्तरार्धात सुरू होते, हेही वेळापत्रक जुळवताना ध्यानात ठेवावे.

येथील गुण महाविद्यालयाच्या कायमस्वरूपी गुणपत्रकावर जातात. सुरुवातीच्या मुदतीत विषय सोडला तर त्याची खूण राहत नाही. पुढे 'डब्ल्यू', म्हणजे विषय मध्येच सोडल्याचा शेरा लागतो, आणि नापासाचा शेरा तर पुढील प्रत्येक अर्जासोबत फिरतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे ओझे घ्यावे का, याचा निर्णय हुशारीवरून करू नये. प्राध्यापकांना स्वतः ईमेल लिहिणे, त्यांच्या ऑफिस अवर्सला (भेटीच्या राखीव वेळेत) जाऊन शंका विचारणे, अभ्यासाची तारीख कोणी आठवण न करता पाळणे, हे मुलाला आज जमते का, ते पाहावे.

पालकांना सर्वांत जड जाणारी गोष्ट निराळीच आहे. शाळेच्या पोर्टलवर रोज रात्री गुण पाहण्याची आपल्याकडे अनेकांना सवय असते. परंतु शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेविषयीच्या संघराज्याच्या 'फर्पा' कायद्यानुसार महाविद्यालयात नाव घातले की तेथील नोंदींवरील हक्क वयाची अट न लावता विद्यार्थ्याकडे जातो. त्यामुळे आईवडिलांनी फोन केला, तरी विद्यार्थ्याच्या लेखी संमतीविना कर्मचारी बहुधा काहीच सांगत नाहीत. गुण केव्हा आणि कसे कळवायचे, हे घरात आधीच ठरवावे.

अर्ज कोठे करायचा आहे, याचाही विचार सुरुवातीलाच करावा. राज्यातील सरकारी विद्यापीठांत हे क्रेडिट सहसा चालतात. मात्र देशातील अनेक नामांकित खासगी विद्यापीठे शालेय दाखल्यासाठी वापरलेले क्रेडिट पुन्हा मोजत नाहीत. दहावीनंतर थेट वॉशिंग्टन विद्यापीठात नेणारी, त्याच विद्यापीठाच्या रॉबिन्सन सेंटरची 'अकॅडमी' हा आणखी धाडसी मार्ग आहे, पण त्यात शाळा अर्धवट सुटते. पदवीसाठी भारतात परतण्याची शक्यता असलेल्या कुटुंबाने तो टाळावा, कारण तेथे बारावीशी समकक्ष दाखला मागितला जातो. रनिंग स्टार्टमध्ये शाळेचा दाखला मिळवता येतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

बारावीच्या अखेरीस एक काम हमखास राहून जाते. शाळेच्या गुणपत्रकावर हे विषय दिसत असले, तरी क्रेडिट जमा करून घेण्यासाठी महाविद्यालयाचे अधिकृत गुणपत्रक विद्यार्थ्याने स्वतः मागवून नव्या विद्यापीठाकडे स्वतंत्रपणे पाठवावे लागते, आणि तेही शेवटच्या क्वार्टरचे गुण चढल्यानंतर.