भाड्याच्या घरासाठी टोकन (आगाऊ रक्कम) देण्याआधी
मुंबईत नवखे असाल तर घर सकाळी बघायला जा. नळाला पाणी येतं का ते तेव्हाच कळतं. तिथून स्टेशनपर्यंत स्वतः चाला. एजंटची ‘पाच मिनिटं’ बहुधा रिक्षाची असतात, तीही रस्ता मोकळा असताना! भाडं उतरत नसेल तर डिपॉझिटवर घासाघीस करा. मेंटेनन्स भाड्यातच धरलाय का, घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घ्या. दलाली साधारण एका महिन्याचं भाडं. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची, आणि ती जबाबदारी घरमालकाची. ‘नोटरी केली की झालं’ म्हणणाऱ्याला टोकन देऊ नका.