जुन्या घराचा दर्शनी भाग उजळताय? या चुका टाळा

२०२७ चा सिंहस्थ जवळ येईल तशी नाशिकच्या पंचवटी, भद्रकाली, सराफ बाजार या भागांत रस्त्याकडची भिंत रंगवून घेण्याची लगबग वाढेल. वाड्याचं तोंड पुन्हा देखणं व्हावं ही इच्छा रास्तच आहे. पण जुन्या घराची कळा सहसा रंग उडाल्यामुळे जात नाही. ती पाण्यामुळे जाते, आणि त्या पाण्यावर केलेल्या चुकीच्या उपायांमुळे आणखी जाते. म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी भिंत नीट बघा.

ओल कुठून येते हे न शोधता रंग देणं

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. दिवाळीला दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यानंतर पापुद्रे धरतो. मग 'रंग हलका निघाला' म्हणून महागातला आणायचा, आणि वर्षभरात तोही सुटतो. ओलीचा आकार बघितला तर कारण बरंचसं कळतं. जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंत सलग पट्टा असेल तर पाणी जमिनीतून वर चढतंय. वळचणीखाली डाग असेल तर पन्हळ तुंबलेली किंवा फुटलेली असते, नाहीतर एखादं कौल सरकलेलं असतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर चौकट आणि भिंत यांच्यातली फट तपासा. पाइपच्या रेषेत उभी ओल दिसली तर प्लंबर बोलवा, रंगारी नको.

पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर समजा की पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतंय. पाणी उडून जातं, क्षाराचे स्फटिक रंगाच्या मागे साठतात आणि रंगाला ढकलून पाडतात. अशा भिंतीवर पुट्टीचे कितीही हात दिले तरी उपयोग होत नाही. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुऊ नका, धुतला की क्षार पुन्हा आत जातात.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा

नाशिकच्या जुन्या भिंती दगड आणि विटांच्या, चुन्यात बांधलेल्या असतात. काहींच्या पोटात तर मातीच असते. अशा भिंतीत थोडा ओलावा कायम असतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून तो वाफ होऊन निघून जातो. त्यावर सिमेंट थापलं की ही वाट बंद होते. ओल मग सिमेंटच्या वरच्या कडेला जाऊन फुटते. खालचा भाग दुरुस्त केला आणि दोन फूट वर नवाच पट्टा उमटला, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

नदीकाठच्या गल्ल्यांत हे जास्त जाणवतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली होती. असं पुराचं पाणी प्यायलेली भिंत सुकायला महिनेच्या महिने लागतात, सिमेंटखाली तर ती सुकतच नाही.

उपाय सावकाशीचा आहे. पोकळ वाजणारं सिमेंट हलक्या हाताने काढा, ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत. भिंत एक उन्हाळा उघडी ठेवता आली तर उत्तम. मग विटा-दगडांमधले सांधे चुन्याने भरून घ्या आणि चुन्याचाच गिलावा करा. तो घाईने वाळू देऊ नका, काही दिवस पाणी मारून दमट ठेवा, नाहीतर तडे जातात. वरून चुन्याचेच तीन-चार पातळ हात द्या. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागेल, पण तो शोधाच. 'सिमेंटनेच पक्कं होतं' म्हणणाऱ्याच्या हाती ही भिंत देऊ नका.

भिंतीला पोट आलं असेल किंवा तडा तिरका आणि वाढता असेल, तर सुशोभन थांबवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुने वाडे बहुधा पावसाळ्यातच ढासळतात.

काळा पाषाण आणि सागवान रंगवणं

जोत्याच्या काळ्या दगडावर ऑइल पेंट मारलेला बघून खरंच वाईट वाटतं. काळाराम मंदिराचा पाषाण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उघडा उभा आहे, तोच दगड आपल्या ओट्यालाही शोभतो. ॲसिडने मात्र तो धुऊ नका. दगड टिकेल, पण सांध्यांतला चुना विरघळेल. साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.

दाराच्या, सज्ज्याच्या लाकडावरचे जुने थर काढताना कोरडा पॉलिश पेपर चालवू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना घातक असते. थर ओला करून खरवडा, मास्क लावा, खरवडलेलं गोळा करून ठेवा. नंतर जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन-तीन हात द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

लाकडी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवली की वाड्याचा चेहराच जातो. कुजलेली असते ती बहुतेक खालची पट्टीच. तेवढी सुताराकडून बदलून घ्या.

ज्यांच्याकडे लक्ष जात नाही

भिंतीला टेकून केलेलं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक पावसाचं पाणी जोत्यातच मुरवतात. भिंतीलगत पट्टा मोकळा ठेवा, उतार बाहेर काढा. सांध्यातलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढून फट चुन्याने बुजवा. मोठं झालेलं ओढून काढलं तर दगड हलतात. लोंबणाऱ्या बंद केबल काढून टाका, पण विजेच्या वायरींना हात लावू नका, त्यासाठी महावितरणकडे अर्ज करा.

एकाच वाड्यात चार भावांचे वाटे आणि दोन भाडेकरू असतील, तर प्रत्येक जण आपापल्या तुकड्याला वेगळा रंग देतो. वर्गणी जमली नाही तरी निदान रंगाची छटा एकत्र बसून ठरवा. भिंतीवर हातभर नमुना लावून सकाळ-संध्याकाळच्या उन्हात बघा.

दिवाळीआधी रंग संपवायची घाई

ऑक्टोबरात ऊन पडलं तरी जाड भिंत आतून ओलीच असते. दिवाळीसाठी दारं-खांबांना तेल द्या, ओटा घासा, कौलं-पन्हळी दुरुस्त करून घ्या. भिंतीचं काम जानेवारी-फेब्रुवारीला ठेवा.